ओढ्याकाठचा गहू

तुराहान सिपाही हिवाळ्यात घरी असला की चुलीपुढे लढाई मांडायचा. मसूर म्हणजे आपले घोडेस्वार, चणे म्हणजे शत्रू. मधले मसूर घाबरल्यासारखे पळायचे, चणे हावरटासारखे त्यांच्यामागे लागायचे, आणि दोन्ही बाजूंना दबा धरून बसलेले मसूर त्यांना घेरायचे. मग त्याची बायको गुलफेम दोन्ही सैन्यं गोळा करून शिजत टाकायची.

फिलिबे शहराजवळच्या त्या गावाची जहागीर त्याला एकाच अटीवर मिळाली होती: वसंतात सुलतानाची हाक आली की घोडा, चिलखत घेऊन हजर व्हायचं. पिकाचा आठवा हिस्सा त्याचा, आणि त्यातच सगळा खर्च. हजेरी चुकली की जहागीर गेली. ऐन मळणीत तो मोहिमेवर असायचा, म्हणून हिस्सा घ्यायचं काम गुलफेमकडे. ते ती आवडीने करायची, आणि शेतकऱ्यांशी भांडायचीही आवडीने.

त्या वर्षी ओढ्याकाठच्या शेतांवर शेजारच्या गावच्या जहागीरदार सिपाह्याने हक्क सांगितला. त्याचा कारभारी दावूद दोन स्वार घेऊन खळ्यावर ठाण मांडून बसला. रीत अशी, की उफणलेल्या राशीवर ज्याचा लाकडी शिक्का आधी उमटेल, हिस्सा त्याचा. मग काझीसुद्धा त्यात पडत नसे. हा गहू गेला तर वसंतात नवरा कशाच्या जोरावर हजर होणार, याची गुलफेमला काळजी लागली.

"मालकीणबाई, तो दावूद सहावा हिस्सा घेतो म्हणे," म्हातारा रादिवोय म्हणाला. ती शेतं तोच कसायचा. "तुम्ही डोकं खाता, पण घेता आठवाच."

"हे कौतुक की टोमणा?"

"गोड लागेल ते घ्या."

"बरं, दोन गाड्या भुशाने भरा. वर थोडा गहू पसरा. आणि त्याच्या डोळ्यांदेखत माझ्या कोठाराकडे पळा."

"बैल पळतील हो. माझं काय?"

"तुम्ही गाडीत बसा. आणि चोरासारखे मागे बघत राहा."

उफणणी आटोपत आली आणि खळ्यामागून गाड्या उधळल्या. रात्री चोरून काढलेला गहू शिक्क्याआधीच लांबवतायत, असं वाटून दावूद भडकला. शिव्या देत तो आणि त्याचे स्वार गाड्यांमागे सुटले. इकडे उफणणी संपताच झुडपांमागून गुलफेम निघाली आणि तिने राशीवर चहूबाजूंनी शिक्के उठवले. साक्षीला तिने इमामाला नि पाद्र्याला, दोघांनाही बोलावून ठेवलं होतं. दावूद परतला तेव्हा त्याच्या दाढीत भुसा होता आणि साक्षीदार कलिंगड खात बसले होते.

"बाई, हे कुणी शिकवलं तुम्हाला?" दावूदने विचारलं.

"नवऱ्यानं," ती म्हणाली. तिला फार बरं वाटत होतं.

थंडी पडायच्या सुमारास तुराहान घरी आला. तिने सगळं रंगवून सांगितलं, तो पोट धरधरून हसला.

"लढाईत तुम्ही कुठल्या बाजूला असता हो? डाव्या की उजव्या?" तिने विचारलं.

"मी? मधल्यांत. पळणाऱ्यांत."

"दर वेळी?"

"मागे बघत पळायची सवय झालीय आता. या वेळी आमच्यातले बरेच परतले नाहीत."

गुलफेम उठली, तिने त्याच्या वाडग्यात आणखी सूप ओतलं आणि त्याच्या अगदी जवळ येऊन बसली.

"त्या गव्हातून नवा घोडा घ्या," ती म्हणाली. "देखणा नको. पळणारा घ्या."