पवनचक्कीची शिडी

सुलतानपूरजवळच्या माळावर परदेशी कंपनीने पवनचक्क्या उभारल्या आणि आयटीआय झालेल्या मंजुश्रीला तिथे देखभालीची नोकरी लागली. पहिल्याच दिवशी मनोऱ्यातली शिडी चढताना निम्म्यावर ती थांबली. दांडीवरची पकड सुटेना.

"सर, मले वर बी जाता येईना, खाली बी उतरता येईना!" ती रडत ओरडली.

"पट्टा अडकवलेला आहे, पडणार नाहीस," खालून इंजिनिअर म्हणाले. "आज उतर, उद्या बघू."

आज उतरले तर उद्या फाटकाच्या आत पाऊलच पडणार नाही, याची तिला जास्त धास्ती वाटली. डोळे मिटून ती वर गेली.

आता वर्ष झालं. "भेव गेलं का तुझं?" बाप जानराव विचारतो.

"नाही बाबा," ती म्हणते, "शिडीले हात लावला की रोज डोळे मिटूनच चढावं लागते."