स्पॅनिश कागदाचं गाऱ्हाणं

आमच्या घराण्यात स्पॅनिश वाचणारा मी पहिलाच. समजणारा अजून जन्मायचा आहे.

माझा दादा, म्हणजे आयेचा थोरला झील, बोटीवर खलाशी होता. त्याच्या पाठबळावरच मी मालवणहून कोल्हापूरला जाऊन बी.ए. झालो. त्याची बोट दक्षिण अमेरिकेच्या बंदरांना जाई, म्हणून कोल्हापूरहून परतताना मी स्पॅनिशचं एक जुनं पुस्तक आणलं. दोनच धडे झाले होते: शब्दाचे तुकडे पाडणं आणि आघात देणं. शेवटी स्वर, न किंवा स असेल तर आघात शेवटून दुसऱ्या तुकड्यावर, नाहीतर शेवटच्यावर. एखाद्या स्वराच्या डोक्यावर तिरपी रेघ असेल तर तिथेच! (अर्थ पुढच्या धड्यापासून होता.)

अशात तीन महिने दादाचं पत्र नाही. मग एक पाकीट आलं. पत्ता टाइप केलेला, आत टाइप केलेला स्पॅनिश कागद. दादाचं अक्षर कुठेच नाही. आये घरापुढच्या खळ्यातच बसली.

"वाच रे बाबल्या. बरो आसा मां तो?"

मला अर्थ येत नाही, हे मी दोनदा सांगितलं. सगळ्यांनी तो शिकलेल्या माणसाचा विनय समजला. तोवर निम्मी वाडी जमली होती. मी वाचू लागलो, "का-ला-माऽ-रेस!" आणि थांबलो. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालताना प्रत्येक वाक्याला जमलेले लोक हुंकार भरतात. शेजारचे भिकूकाका सवयीने बोलून गेले, "व्हय म्हाराजा!"

पुढच्या ओळीला चौघे म्हणाले. "लि-मोऽन"ला सगळी वाडी! आयेने हात जोडले. मी घामाघूम, पण एक आघात चुकू दिला नाही. शेवटी भिकूकाकांनी निकाल दिला, की इतक्या ठसक्यात कोणी वाईट बातमी कळवत नाही. आये कित्येक दिवसांनी पोटभर जेवली. अर्धपोटी उठलो तो मी.

आठवड्याने दादाचं मराठी पत्र आलं. मी हात पुढे केला, पण आयेने ते पोस्टमनला दिलं. "तूच वाच रे. ह्यो वाचता बरो, पण माका कळाक व्हया."

दादा खुशाल होता. बोटीवरच्या कारकुनाने मागच्या पाकिटात चुकून पत्राऐवजी बंदरातल्या खानावळीची जेवणाची यादी घातली होती.

आयेने डोळे पुसले आणि तो कागद माझ्यापुढे धरला. "परत वाच. माझो झील काय जेवलो, तां तरी ऐकांदे."

मी वाचलं. आघात पुन्हा अचूक. पण मासा होता की मटण, ते सांगायला तिला पदवीधर मुलगा असून नसल्यासारखाच!