जिवंत माणसासाठी कळक

मीटरच्या पेटीतून धूर निघाला त्या दुपारी सुंदराबाई चौथ्या मजल्यावर नवऱ्याचा हात धरून बसली होती. लिफ्ट बंद, सगळी इमारत खाली पळालेली, आणि अर्धांगाने पडलेले संभाजीअण्णा जागचे हलू शकत नव्हते. धूर विरला, आग लागलीच नाही. पण बाई पेटली.

वारज्यातल्या याच जमिनीत तिने भुईमूग काढला होता. जमीन बिल्डरला गेली, बदल्यात फ्लॅट आला, सून शर्मिला हिंजवडीत कॉम्प्युटरवर बसायला लागली. पूर्वी मळ्यातलं आजारी माणूस कळकाच्या जाड बांबूला घोंगडीची झोळी बांधून रस्त्यापर्यंत आणायचे. इथे काय सोय? सोसायटीच्या मीटिंगमध्ये तिने विचारलं, तर सेक्रेटरी म्हणाले, पुढच्या वेळी घेऊ. त्यांना आधी पार्किंगचं भांडण मिटवायचं होतं! मग बाईने कुणालाच विचारलं नाही. तडक बुरूड आळी गाठली, दोन हिरवेगार कळक घेतले, मंडईजवळून सुंभाचा दोर घेतला आणि सगळं टेम्पोवर लादून दिमाखात गेटमधून आत आली.

वॉचमनने कळक पाहिले. दोर पाहिला. टोपी काढली.

टेम्पो रिकामा होईतो अण्णा गेल्याची बातमी गच्चीपर्यंत पोचली. कुणी ऑफिसला येत नसल्याचं कळवलं, कुणी शर्मिलाला मोबाईल लावला. तळमजल्यावरचे दशरथराव पांढरा सदरा चढवून वर आले. बाई दोर खांद्यावर टाकून पोचली तेव्हा दाराबाहेर चपलांचा ढीग, आणि आत कॉटवर उशीला टेकलेले अण्णा लालबुंद.

"कोन मेलंय?" वाकड्या तोंडाने ते गरजले. "मी जित्ता हाय."

दशरथराव ओशाळले. मंडळी हळूच चपला शोधू लागली. बाईने दार अडवलं.

"मेल्यावर खांदा द्यायला समदे येता. आज आलाच हाय, तर जित्याला द्या. लिफ्ट चालू हाय, तरी जिन्यानं खाली न्यायचंय. आगीत लिफ्ट बंदच आसती."

कुणाची निघायची छाती झाली नाही. अण्णा मात्र अडून बसले. कळकावर आडवं एकदाच व्हायचं, आत्ता नाही. बरं, म्हणाली बाई. प्लास्टिकची खुर्ची ओढली, जुन्या लुगड्याने नवऱ्याला तिच्यात करकचून बांधलं, दोन्ही बाजूंना कळक दोराने आवळले. निघाली वरात!

पहिल्याच वळणावर कळक भिंतीत अडकले. पुढे सरकेनात, मागे सरकेनात, आणि जो तो दुसऱ्यावर ओरडतोय. मळ्याच्या वाटेला असली वळणं कुठली? बाईने स्वतःलाच एक शिवी हासडली, घरातून विळी आणवून दोर कापला, कळक माघारी धाडले आणि खुर्चीचे पाय धरायला लावले. दशरथरावांनी मागून पाठ पेलली. मजल्यामजल्याला हात बदलत, धापा टाकत सगळे उतरू लागले. तिसऱ्या मजल्यापर्यंत अण्णा शिव्या देत होते. दुसऱ्यापासून ते हुकूम सोडायला लागले, डावीकडं घे, कोपरा सांभाळ!

खाली पोचले आणि टाळ्या पडल्या. तेवढ्यात रिक्षातून रडत शर्मिला उतरली. पार्किंगच्या मधोमध खुर्चीत सासरे बघून तिचं रडं तोंडातच राहिलं.

"मामा?"

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, फरशीकडे पाहिलं. भुईमूग इथेच असायचा. मग त्यांनी बायकोला जवळ बोलावलं.

"आता लिफ्टनं न्या. उंद्या परत जिन्यानं उतरू. आन लुगडं जरा सैल बांध."