हसणाऱ्या मुलीची रेकॉर्ड

संत तुकाराम नगरात मालोजी कदमांच्या घरी दर रविवारी सकाळी तीन-चार जण जमायचे. प्रत्येकाच्या पिशवीत साठच्या दशकातली एखादी रेकॉर्ड. सिनेमातली गाणी चालत नसत. गिटार आणि बोंगो घेऊन एखाद-दुसरी रेकॉर्ड काढलेल्या आणि मग कुठल्या कुठे गडप झालेल्या हौशी पोरापोरींचीच गाणी हवीत. नाव न सांगता रेकॉर्ड लावायची, बाकीच्यांनी ओळखायची आणि मग तासभर वाद घालायचा.

मालोजींना हा नाद बीडकडच्या त्यांच्या गावात लागला. एका लग्नात कर्ण्यावर असलं गाणं वाजलं आणि लहानगा मालोजी भरल्या पानावरून उठून रेकॉर्डच्या मशीनपाशी जाऊन बसला. पुढे दुष्काळात गाव सुटलं, पिंपरीत कंपनीत चिकटले, रिटायरही झाले. नाद काही सुटला नाही.

एका रविवारी पुनावळ्याच्या नानासाहेबांनी एक छोटी रेकॉर्ड आणली. तरुणपणी ते लग्नाकार्यांत लाउडस्पीकर लावायचे.

"तवा रेकॉर्डींच्या गठ्ठ्यात आली व्हती," ते म्हणाले. "लावली की म्हातारी माणसं वरडायची, बंद कर ती इंग्रजी! आता मराठीच हाय म्हणलं तरी कोण ऐकतंय?"

लेबल पाण्यानं पार धुऊन गेलं होतं. सुई टेकली. सायकलवरून नदीकाठाने जाणाऱ्या मुलीचं गाणं, साधंसुधं. मागे कुणीतरी गुणगुणत होतं. शेवटच्या कडव्याआधी एक मुलगी खळखळून हसली आणि गाणं तसंच पुढे गेलं.

"परत लावा," मालोजी म्हणाले.

महाळुंग्याच्या कारखान्यात इंजिनियर असलेल्या रणजीतला गिटारवाले हातावरून ओळखू यायचे. त्यानेही मान हलवली. "न्हाई राव, हा हात ऐकलेला नाही."

मालोजींनी गाणं मोबाइलवर घेऊन शौकिनांच्या ग्रुपवर टाकलं. कुणी म्हणालं गोव्याची पोरगी, कुणी कोल्हापूरची, दोघांची जुंपली. गाणं इकडून तिकडे फिरत राहिलं, आणि एके दुपारी चिंचवडहून समाधान नावाच्या गृहस्थाचा फोन आला.

"गाणं कुणाचं ते माहीत नाही. पण ते हसणं आमच्या आईचं आहे."

मालोजी आणि नानासाहेब मशीन घेऊनच चिंचवडला गेले. समाधानच्या आई, कुसुमताई, पंचाहत्तरी ओलांडलेल्या. गाणं सुरू झालं तशा त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. हसण्याची जागा आली तेव्हा डोळे मिटून घेतले.

"तुम्ही फार गोड गायलात, ताई," मालोजी म्हणाले.

"मी कुठे गायले? गाणारी विजयश्री, माझी कॉलेजातली मैत्रीण. मी नुसती मागे गुणगुणायला. गिटारवाल्याच्या चपलेचा अंगठा तुटला आणि मला हसू आवरेना. वाटलं, आता हाकलून देतील. पण तिथले साहेब म्हणाले, राहू दे, छान वाटतंय."

"आणि विजयश्रीताई?"

"लग्न होऊन नागपूरला गेली. गाणं तिकडे चालण्यातलं नव्हतं. चार वर्षं झाली तिला देवाघरी जाऊन." त्यांनी मशीनवरच्या रेकॉर्डकडे बोट केलं. "रेकॉर्ड आमच्या हाती कधी आलीच नाही. दुकानांत विचारून विचारून आम्ही थकलो."

नानासाहेबांनी रेकॉर्ड त्यांच्यापुढे धरली. "तुमची हाय. ठिवा."

"मशीनशिवाय मी तिचं करू काय? तुमच्याकडेच असू द्या. मीच येईन ऐकायला."

आणि रविवारी त्या खरंच आल्या. रणजीतने जिवापाड जपलेली रेकॉर्ड लावली, तर म्हणाल्या, "गिटार जरा उतरलीय याची." रणजीत खजील झाला, पण दुसरी रेकॉर्ड त्याने आधी त्यांच्याच हातात दिली.

मग कुसुमताईंनी मालोजींना एक नंबर दिला. विजयश्रीच्या मुलीचा, दिपालीचा. मालोजींनी फोन लावून सगळं सांगितलं.

"आई घरात कधी गुणगुणलीसुद्धा नाही हो," दिपाली म्हणाली. "आत्ता लावता? फोन जवळ धरा ना."

मालोजींनी सुई टेकवली आणि फोन मशीनपाशी धरला. दुसऱ्या कडव्याला कुसुमताई पुढे सरकल्या, फोनजवळ वाकल्या आणि आपल्या मैत्रिणीच्या मागे, थरथरत्या पण नेमक्या सुरात गुणगुणू लागल्या.