खिडकीतले दोरे

शिक्षणाचं अख्खं शास्त्र खिडकीच्या गजांना टांगून ठेवणारी बाई मी उभ्या आयुष्यात एकच पाहिली. नारपोलीच्या शाळेत माझ्या तिसरी 'अ'ला लागून तिचा 'ब' वर्ग, त्यामुळे माझी रोजची डोकेदुखीही तीच. बाई मूळच्या जवळच्याच कशेळी गावच्या, बोलणंही तिकडचंच. पोरांनी लूमच्या कारखान्याबाहेरून वेचून आणलेले रंगीत दोरे त्या गजांना बांधायच्या. एका मुलाचा एक दोरा, नवं काही आलं की त्यावर एक गाठ. पाढा आला, गाठ. भांडण न करता डबा वाटून खाल्ला, त्याचीही गाठ. आणि ज्यानं शिकवलं त्यानंच ती मारायची, मग तो बाकावरचा शेजारी का असेना. वर्गात तेलुगू, उर्दू, भोजपुरी, सगळी पोरं. बाई प्रत्येकाशी त्याच्या भाषेत बोलायच्या आणि प्रत्येक भाषा सारखीच चुकवायच्या. पोरं पोट धरधरून हसत नि त्यांना दुरुस्त करत. मी नाक मुरडलं की म्हणायच्या, "हसतान त हसूदे, बाय. तोंड त उघडतान!"

आणि मी? कांजी केलेली साडी, शुद्ध मराठी, फळ्यावर छापल्यासारखं अक्षर. तेव्हाचा फोटो पाहून नातवंडं विचारतात, "आजी, तू काठी गिळली होतीस का?" गिळली होती, बाळांनो.

एकदा तपासणीचे साहेब यायचे होते. आदल्या दिवशी मी वर्गातल्या सात 'ढ' मुलांना (शब्द माझाच) बजावलं, "उद्या घरीच राहा." सहाजण आनंदानं राहिले. सातवी लक्ष्मी मात्र चापूनचोपून तेल लावून, नव्या रिबिनी बांधून सगळ्यांच्या आधी हजर! तेलुगू बोलणारी पोर. शाळा सुरू झाल्यापासून माझ्यापुढे तिनं तोंड उघडलं नव्हतं आणि माझं शुद्ध मराठी तिला कळलंच नव्हतं. मग मी एकेक शब्द तोडून, हातवारे करून समजावलं : साहेब येणार, तू घरी जा. ते मात्र बरोबर कळलं. घरी आईबाप दोघंही कामावर, दाराला कुलूप. ती शाळेच्या पायरीवर बसून राहिली. बाईंनी पाहिलं आणि हाताला धरून तिला आपल्या वर्गात नेलं. साहेबांनी मला शाबासकी दिली, बाईंना 'गोंगाट फार' असा शेरा. मी पेढे वाटले. हो, पेढे! बाईंनी एक घेतला, अर्धा लक्ष्मीला दिला.

दुसऱ्या सकाळी लक्ष्मी माझ्या वर्गाच्या उंबरठ्याबाहेरच थांबली.

"बाई, आज साहेब येणार? मी घरी जाऊ?"

मी काही बोलायच्या आत शेजारून बाई धावत आल्या, हातात कोरा पिवळा दोरा. "अगो, पोर मराठीत बोलली! घ्या बाय, मारा गाठ. तुमीच शिकवलाव ना!"

टोमणा असता तर मी परतवला असता. पण बाईंना टोमणे मारता येतच नव्हते. त्या खरोखरच हरखल्या होत्या. माझ्या बोटांनी मात्र ती गाठ काही केल्या नीट बसेना.

पुढे मी तेलुगू चुकवायला शिकले. लक्ष्मी हसली, मग बोलली, दोरा गाठींनी भरला. वर्ष संपताना ती तो मनगटाला गुंडाळून घेऊन गेली. बाई आता नाहीत. कुठल्याही खिडकीचे मोकळे गज दिसले की त्यांची आठवण येते, आणि मग ती पहिली, वेडीवाकडी गाठ. ती कशाची, हे लक्ष्मी विसरली असली तर फार बरं.