जावयांचे ‘राहू द्या’

माझे जावई लोकांना विमान उडवायला शिकवतात आणि त्यावरच आमचे घर चालते. लग्न ठरवताना ह्यांनी मुलीला विचारले होते, मुलगा करतो काय? ती म्हणाली, हवेत असतो. “ते दिसतंच आहे,” हे म्हणाले होते. पुढे सासऱ्या-जावयाचे असे सूत जमले की मुलगी नि मी परक्या वाटू लागलो.

त्यांचे विमान म्हणजे वर त्रिकोणी कापडी पंख, खाली तीन चाकांचा सांगाडा, पाठीला इंजिन आणि एकामागे एक दोन खुर्च्या. शिकणारा पुढे, जावई मागे. आडवा दांडा छातीकडे ओढला की वेग वाढतो, पुढे लोटला की कमी होतो. दोघांचे बोलणे हेल्मेटमधून. शिकवताना जावई आवाज चढवत नाहीत. मोजा सापडत नाही तेव्हा मात्र सगळ्या गल्लीला कळते.

त्या वर्षी पोस्टातल्या बाई शिकायला आल्या. वय बावन्न, बोलणे मोजके, हात स्थिर. बेचाळीस तास झाले, वळणे सुरेख घेऊ लागल्या, पण उतरणे जमेना. जमीन जवळ आली की त्या दांड्यावरचे हात सैल करायच्या आणि जावयांना मागून सावरावे लागायचे. अशा माणसाला एकटे सोडायचे कसे? शेवटी बाईंनीच सांगून टाकले की येत्या शनिवारी जमले नाही तर हा नाद सोडते. जावयांना ते फार लागले. दोष शिष्याचा नसून शिकवणाऱ्याचा, असे म्हणत ते दोन दिवस नुसती पोळी कुरतडत होते. “उडणाऱ्या माणसाचं तोंड इतकं पडलेलं बरं दिसत नाही,” मुलीने टोमणा मारला.

शुक्रवारी त्यांनी बाईंना घरी बोलावले. स्वयंपाकघरात दोन खुर्च्या एकामागे एक मांडल्या आणि झाडूचा दांडा धरून दोघे तासभर उतरत होते. झाडू दर वेळी व्यवस्थित उतरला. मग चहा झाला. जावई किटलीतून बाईंच्या कपात ओतू लागले, कप जरा हलला, तसे ते म्हणाले, “राहू द्या.” बाईंनी चटकन कप मागे घेतला. चहा सगळा टेबलक्लॉथवर.

कप का काढलात, मी विचारले.

“सरच म्हणाले ना, राहू द्या. म्हणजे पुरे.”

“अहो, म्हणजे कप आहे तिथेच राहू द्या,” जावई म्हणाले.

बाईंनी कप पुन्हा पुढे केला. मग हळूच म्हणाल्या, “आणि उतरताना म्हणता, ते?”

“तेही तेच. दांडा आहे तिथे राहू द्या.”

“मला वाटायचं, राहू द्या, तुमच्याच्यानं व्हायचं नाही, मी बघतो.”

जावयांनी किटली खाली ठेवली. ते म्हणाले, मला वाटायचे तुम्ही घाबरून सोडता. मुलगी हसून हसून ओट्याला टेकली. म्हणाली, बेचाळीस तास पेट्रोल जाळण्यापेक्षा पहिल्याच दिवशी चहा पाजायचा होता.

शनिवारी मीही मैदानावर गेले. जावई आता “धरून ठेवा” म्हणत होते. चार वेळा विमान उतरले आणि चारही वेळा त्यांचे हात स्वतःच्या गुडघ्यांवर होते. पाचव्या फेरीआधी ते खुर्चीतून खाली उतरले, मागच्या खुर्चीचा पट्टा बांधून टाकला आणि बाजूला झाले.

बाई एकट्या वर गेल्या. मैदानाला फेरी घालून त्या परत येऊ लागल्या, तसे जावई माझा हात घट्ट धरून उभे राहिले; सासूचा हात आहे हेही विसरले. चाके टेकली, एक बारीक उसळी, मग सरळ धाव. त्यांनी माझा हात सोडला आणि टाळ्या वाजवायला हात वर केले, तोच इंजिनाचा आवाज वाढला. बाई थांबल्याच नाहीत. धावता धावता पुन्हा वर.

“अहो, कुठे निघाल्या?” मी विचारले.

“विचारलं तरी कोण ऐकतंय आता,” जावई म्हणाले, आणि गवतावर फतकल मारून हसत सुटले.