सेव्ह नको करूस

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी कोलशेतच्या एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला होते. सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारी पेटी, म्हणजे स्विच, सांभाळायला आम्ही दोघं. तो तिथल्याच कोळी घरातला. दुपारी घरी जाऊन आईच्या हातचं गरम जेवून यायचा. मी वर्तकनगरहून डबा आणायचे आणि कामाच्या नादात तसाच परत न्यायचे. आल्या आल्या त्याचं ठरलेलं, "जेवलीस का गो बाय?" मी चिडायचे. घरी एक आई होती, तेवढी पुरे होती.

एकदा त्याने खोडी काढली. स्विचच्या स्क्रीनवर प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला त्या पेटीचं नाव दिसतं. तिथे त्याने इंग्रजी अक्षरांत 'जेवलीस-का' लिहून ठेवलं. एंटर दाबलं की प्रश्न हजर. मी पुसायला लागले तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे गो. सेव्ह नको करूस म्हंजे झाला. लाईट गेली का नाव आपोआप जाल, सायबाला कलनार बी नाय."

लाईट काही गेली नाही. तोच गेला. कावीळ झाली होती, ती अंगावर काढली.

महिनाभराने नोटीस लागली की शुक्रवारी दिवसभर वीज बंद. गुरुवारी मी स्विचची सेटिंग उघडून पाहिली. चालू सेटिंगमध्ये नाव 'जेवलीस-का', साठवलेल्या सेटिंगमध्ये जुनंच, 'स्टोअर-एक'. पेटी बंद होऊन पुन्हा सुरू झाली की साठवलेलंच वर येणार. तसं ते नाव नंतर मलाही घालता आलं असतं, त्यात काही अवघड नव्हतं. पण मग मीच मला विचारल्यासारखं झालं असतं. त्याने विचारलेलं एवढंच उरलं होतं, आणि ते मला हवं होतं. मी सेव्ह केलं. साहेब ओरडले तर ओरडू देत.

शनिवारी पेटी सुरू केली. दिवे लुकलुकले, जरा वेळाने नाव आलं. पुसलं गेलं तर रडू येईल असं वाटलं होतं. होतं म्हणून रडले. दुपार टळून गेली होती, डबा पिशवीतच होता. मी त्या प्रश्नापुढे 'नाही' असं टाइप केलं.

स्विचला ते समजलं नाही. अशी आज्ञा नाही, एवढं त्याने दाखवलं आणि खालच्या ओळीत पुन्हा विचारलं, जेवलीस का.